साक्ष मोजू नका, तोला

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात वाद रंगला. विषय होता, येशूच्या पुनरुत्थानाला, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत उठण्याला, पुरावा आहे का? नागपूरहून आलेले प्रचारक बंधू छातीठोकपणे म्हणाले, "पाचशे प्रत्यक्षदर्शी आहेत! कोणत्याही कोर्टात न्या, एका तारखेत निकाल लागेल." समोर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक होते, विवेकवादी चळवळीत उभं आयुष्य घातलेले. सर म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या ऐकीव गोष्टी. डोळ्यांदेखत घडलेलंही माणूस चुकीचं सांगतो, तिथे यांचं काय घेऊन बसलात?" दोघांनाही भरपूर टाळ्या पडल्या. मी मात्र मागच्या खुर्चीत बसून अस्वस्थ होत गेलो. सव्वीस वर्षं याच तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करतो आणि तीन पिढ्यांपासून आमचं घर ख्रिस्ती आहे. साक्षीदार हा माझ्या पोटापाण्याचा विषय, तर साक्ष हा आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, रविवारचा शब्द. त्या संध्याकाळी या दोन्हींची हेळसांड झाली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बायबलच्या नव्या करारातली साक्ष पुनरुत्थान शाबीत करून कुणाच्या गळी उतरवू शकत नाही. पण तिला ऐकीव गप्पा म्हणून झाडून टाकणंही न्यायाचं नाही. ती लवकरची आहे, नावानिशी आहे, तिच्यावर खऱ्या साक्षीवर असतात तसे ओरखडे आहेत आणि सांगणाऱ्यांना ती महागात पडली. अशा साक्षीवर विसंबून कुणी आयुष्य उभं केलं, तर त्याला भाबडा म्हणता येत नाही.

आधी आमच्या माणसाचं माप काढतो, कारण घरच्या चुका घरच्यांनीच सांगाव्यात. 'कोर्टात न्या' हे म्हणणं टिकत नाही. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, पाहणाऱ्याने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं आणि त्याची उलटतपासणी व्हायला हवी, हा साक्षीच्या कायद्याचा पाया आहे. ते पाचशे कोण? त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की ते होते. म्हणजे साक्षीदार एक आणि तो इतरांविषयी बोलतोय. शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चार चरित्रांच्या, मूळ मजकुरात लेखकाने स्वतःचं नाव घातलेलं नाही, मत्तय-मार्क-लूक-योहान ही नावं परंपरेने जोडली. मार्काचं लिखाण येशूच्या मरणानंतर साधारण चाळीस वर्षांचं, योहानाचं पहिल्या शतकाच्या अखेरीचं. मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्काचा मजकूर होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा 'चार स्वतंत्र साक्षीदार' हा हिशेबही चुकतो. आणि सगळेच प्रेषित हुतात्मे झाले असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं, त्यालाही भक्कम आधार नाही. जब्दीचा मुलगा याकोब, पेत्र, पौल आणि येशूचा भाऊ याकोब यांच्याविषयी बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं. बाकीच्यांविषयीच्या कथा फार उशिराच्या आहेत. खरी बाजू मांडायला फुगवलेला आकडा कशाला हवा?

आता सरांकडे वळतो. कोर्टात चालत नाही म्हणून इतिहासातही चालत नाही, हे कुठून आलं? मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही म्हणून त्याचं सगळं सांगणं रद्द करायचं असेल, तर शंभर वर्षांमागचं काहीच आपल्या हाती राहणार नाही. कायदासुद्धा इतका आडमुठा नाही. जळालेल्या सुनेचा मृत्युपूर्व जबाब तो ऐकतो, ती पुन्हा बोलायला येणार नाही हे माहीत असूनही. 1872 च्या साक्ष कायद्याने 'शाबीत' या शब्दाची जी व्याख्या केली, ती मला अजूनही फार शहाणपणाची वाटते. 1 जुलै 2024 पासून नवा अधिनियम लागू झाला तरी ती तशीच राहिली आहे. समोर आलेल्या गोष्टी पाहून विचारी माणूस जी गोष्ट खरी धरून वागेल, ती शाबीत. कायदा गणितातली खात्री मागत नाही. 'खरी धरून वागेल' एवढंच मागतो. श्रद्धा म्हणजे आणखी काय असतं?

काळाचं अंतर हा सरांचा आवडता मुद्दा होता. दोन हजार वर्षं! पण मोजायचं अंतर घटना आणि साक्ष यांच्यातलं असतं. साक्ष आणि आपण यांच्यातलं नव्हे. येशूला क्रुसावर दिलं ते सन 30 किंवा 33 च्या सुमारास. पौलाने करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ते 54-55 च्या सुमारास, आणि त्यात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगितलं. म्हणजे ती यादी पत्राहून जुनी आहे: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून अधिक, मग याकोब, मग सगळे प्रेषित आणि शेवटी मी. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की तो यरुशलेमला जाऊन केफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पंधरा दिवस एका घरात राहिलेली माणसं पेरण्यापाण्याच्याच गोष्टी करत बसली असतील का?

वीस-पंचवीस वर्षं म्हणजे किती, हे आपल्या मातीतल्या मापाने बघा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. 16 तारखेला चांद्याला (आताच्या चंद्रपूरला) पुन्हा दीक्षा झाली. आमच्या पंचक्रोशीतून बंड्या जुंपून, भाकरी बांधून, पांढरे कपडे जपून लोक गेले होते. मी वकिली सुरू केली तेव्हा त्यांतली कितीतरी माणसं हयात होती आणि त्यांच्या तोंडून मी ते ऐकलं आहे. कुणी तीन लाख माणूस म्हणे, कुणी पाच लाख. पांढरं लुगडं कुठून मिळवलं, पहिली प्रतिज्ञा म्हणताना सासूने हात कसा धरला, हे प्रत्येकीचं वेगळं. पण दीक्षा झाली का, बाबासाहेब तिथे होते का, यावर एकाही म्हातारीचा आवाज हलला नाही. पौलाचं पत्र म्हणजे या सोहळ्याविषयी 1980 साली लिहिलेलं पत्र. 'बहुतेक जण अजून जिवंत आहेत' असं तो त्यात लिहितो. 1980 साली नागपुरात उभं राहून न घडलेल्या दीक्षेविषयी असं लिहायची कुणाची छाती झाली असती? सर म्हणतील, दीक्षा हा उघड्यावरचा सोहळा होता, त्यात चमत्कार नव्हता. बरोबर आहे. हे उदाहरण पुनरुत्थान शाबीत करत नाही. एवढ्या काळात साक्ष विरघळून जाते हा समज मात्र ते मोडतं.

विसंगतीच्या मुद्द्यावर मला जास्त थांबायचं आहे, कारण सभागृहात सगळ्यांत मोठ्या टाळ्या तिथेच पडल्या. मार्क कबरेपाशी तीन स्त्रिया सांगतो, मत्तय दोन, योहान नावाने एकच. कुठे एक तरुण, कुठे दोन देवदूत. "आधी आपसांत ठरवून या," असं सर म्हणाले. सर, ठरवून आलेले साक्षीदार मी पाहिले आहेत. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, एका भांडणात माझी साक्षीदार होती शेजारच्या वावरात कापूस वेचणारी म्हातारी. समोरच्याने धुरा फोडून नांगर घातला, हे तिने पाहिलं होतं. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी विचारलं, बैल कोणत्या रंगाचे होते? ती म्हणाली, एक पांढरा, एक बांडा. आमच्याच सालदाराने त्याआधी दोन्ही पांढरे सांगितले होते. वकीलसाहेब न्यायाधीशांकडे वळून हसले. म्हातारी मात्र कठडा धरून म्हणाली, "मी बैलाइकडं नाई पाह्यलं साहेब, मी धुऱ्याकडं पाह्यलं. बोर उपटली तवा मी रडली." मग त्यांचे तिघे साक्षीदार आले. तिघांनीही तेच वाक्य, त्याच क्रमाने, 'सकाळी साडेनऊच्या सुमारास' इथपासून म्हटलं. दुसऱ्याच्या वेळीच न्यायाधीशांचं पेन थांबलं. निकालपत्रात म्हातारीवर विश्वास ठेवला होता आणि तिघांना पढवलेले म्हटलं होतं.

वरची कोर्टंही हेच सांगत आली आहेत. 1957 साली वडिवेलू थेवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांची संख्या नाही, साक्षीचं वजन बघायचं असतं हे स्पष्ट केलं. गुजरातच्या एका प्रकरणात 1983 साली त्याच न्यायालयाने म्हटलं की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप चालत नसते. बारीकसारीक फरकांवरून साक्ष फेकायची नसते.

पण विदर्भातल्या माणसाला याहून जवळचा दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तिथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडून म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्यांनी काय केलं? एक पाठ पुसून दुसरा ठेवला नाही. 'एकी वासना' असं लिहून दुसरी आठवण शेजारी मांडली, हिराइसा या अनुयायिनीचा पाठ तिच्याच नावाने ठेवला. आपण मराठी माणसं या प्रामाणिकपणाचं कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. मग चार शुभवर्तमानांतला फरक दुसऱ्या शतकातल्या मंडळीने घासूनपुसून एक केला नाही, चारही वेगवेगळी जपली, त्याला मात्र गुन्हा का म्हणायचं? काही फरक बैलाच्या रंगाहून जड आहेत, हे मी कबूल करतो. मार्क आणि मत्तय गालीलाकडे बोट दाखवतात, तर लूकाची सगळी दर्शनं यरुशलेम आणि त्याच्या आसपास घडतात. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रतींमध्ये शेवटच्या बारा ओव्या नाहीत. स्त्रिया भिऊन पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथेच मजकूर तुटतो. हे आमच्या पाळकांनी मंडळीला सांगायला हवं. सांगितल्याने विश्वास मोडत नाही.

स्मृती दगा देते, हा सरांचा शास्त्रीय मुद्दा. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा 1974 चा प्रयोग त्यांनी सांगितला, आणि नीट सांगितला. अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांना 'गाड्या एकमेकींना लागल्या' असं विचारलं तर वेग ताशी 32 मैलांच्या आसपास, 'गाड्यांचा चुराडा झाला' असं विचारलं तर 41 च्या आसपास. शब्दाने आठवण हलते, यात वाद नाही. पण अपघातच झाला नाही असं त्यांतलं कुणी म्हणालं का? शिवाय निरपराध माणसं ज्या चुकीच्या ओळखीमुळे तुरुंगात गेली, ती ओळख बहुतेक वेळा परक्या माणसाची, काही क्षणांत केलेली असते. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर जेवलो-चाललो त्याला ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि एक गोष्ट मी सरांना आदराने आठवण करून देतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला. 10 मे 2024 ला पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, ती प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर विश्वास ठेवून. त्यांनी काही क्षण जे पाहिलं ते आठ-नऊ वर्षांनी कोर्टात सांगितलं. तेव्हा आपण सगळ्यांनी त्या साक्षीदारांच्या धीराला हात जोडले होते. साक्ष मुळातच कुचकामी असती, तर त्या दिवशी आपण कशाच्या बळावर समाधान मानलं असतं?

यापेक्षा जड आक्षेप सभेत कुणी घेतलाच नाही, म्हणून तो मीच घेतो. शोकात बुडालेल्या माणसाला गेलेला माणूस दिसतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशीला नवरा गेल्यावर दोन महिने तो संध्याकाळी दाराशी चप्पल काढताना दिसायचा. ती खोटं बोलत नव्हती. शिष्यांचंही तसंच झालं नसेल कशावरून? यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. मावशीने नवऱ्याची तेरवी केली, कुंकू पुसलं, सातबाऱ्यावर वारस नोंद लावली. तो दिसतो म्हणून तो जिवंत झाला असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. दिसणं हीच मेल्याची खूण आहे, हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळतं. पहिल्या शतकातल्या यहुद्यांनाही कळत होतं. त्यांच्यापाशी आत्मा, छाया, देवदूत असे शब्द होते. पुनरुत्थान हा शब्द त्यांनी जगाच्या शेवटासाठी, सगळ्यांसाठी राखून ठेवला होता. मध्येच एकाच माणसासाठी तो शब्द त्यांनी का वापरला? आणि याकोबाचं काय? भाऊ हयात असताना त्याच्यावर विश्वास न ठेवलेला हा माणूस पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि सन 62 मध्ये दगडमार होऊन मरतो. ही नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराची आहे, ख्रिस्ती माणसाची नाही. पौल तर या पंथाच्या जिवावर उठलेला होता. त्याला कुणाचा शोक झाला होता? खोट्या गोष्टीसाठीही माणसं मरतात हे खरं, पण ती बहुतेक दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानून मरतात. पौल मात्र 'मी स्वतः पाहिलं' म्हणत होता, आणि याकोबालाही दर्शन झालं असं सांगत होता.

बायकांचा मुद्दा थोडक्यात. बाईची साक्ष घेऊ नये, असं त्याच योसेफसने यहुदी नियम सांगताना लिहिलं आहे. लूक तर सरळ सांगतो की स्त्रियांचं बोलणं प्रेषितांनाच बरळणं वाटलं. कथा रचायची होती तर पहिला साक्षीदार म्हणून मग्दालीया मरीया कुणी निवडली असती? पौलाच्या यादीत स्त्रियांची नावं नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण मार्काने ती ठेवली. क्रुसापाशी त्यांनी पाहिलं, कबरेत कुठे ठेवलं ते पाहिलं, धोंडा सरकलेला पाहिला. तिन्ही वेळा पाहणाऱ्या त्याच. आणि क्रूस वाहणाऱ्या शिमोनाला मार्क 'आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप' म्हणतो. अमक्याचा बाप अशी ओळख आपण कधी देतो? ऐकणाऱ्याला तो अमका माहीत असतो तेव्हाच.

राहिला तो प्रश्न, जो सभेनंतर चहाच्या टपरीवर एका तरुणाने विचारला. "काका, शेगावच्या महाराजांच्या चमत्कारांनाही पाहणारे होते. ते तुम्ही मानता का?" प्रचारक बंधू म्हणाले, ते सगळं खोटं. मला त्यांची लाज वाटली. 23 फेब्रुवारी 1878 ला उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा तो तरुण बंकटलालांनी पाहिला, हे सांगणाऱ्यांना खोटारडे म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? काटा एकच हवा. कधी सांगितलं, कुणी सांगितलं, सांगून त्याचं काय गेलं, आधी तो विरोधात होता का, हेच प्रश्न मी तिथेही विचारीन आणि जे टिकेल ते मान्य करीन. देव फक्त यहुदियातच वावरला असं माझा विश्वास सांगत नाही. फरक आहे तो भार कशावर टाकला याचा. एखादा चमत्कार खोटा ठरला म्हणून शेगावचा भक्त महाराजांना सोडणार नाही. बुद्धाचा धम्म तर कुणाच्या साक्षीवर उभाच नाही, तो स्वतः पडताळून बघायला सांगतो. पौल मात्र त्या यादीच्याच अध्यायात लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. सगळा भार एका सकाळवर. म्हणून ख्रिस्ती माणसाने या तपासणीला भिऊ नये आणि तिच्यातून पळही काढू नये.

चमत्कार मुळात अशक्य असं आधीच ठरवलं असेल, तर कितीही साक्ष आणा, ती कमीच पडणार. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1748 मध्ये हे फार ताकदीने मांडलं, आणि चमत्काराला साध्या घटनेपेक्षा जड पुरावा हवा, इतकं त्याचं म्हणणं मी मानतो. पण देव आहे की नाही हे साक्षीदाराला विचारायचं नसतं. त्याला 'तू काय पाहिलंस' एवढंच विचारायचं. पुढचा निर्णय प्रत्येकाला स्वतःच्या जिवाशी करावा लागतो आणि तो युक्तिवादाने क्वचितच होतो. कवी ना. वा. टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, रिकाम्या कबरेच्या पुराव्याने नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझी आजी तर निरक्षर होती. पुनरुत्थानाच्या रविवारी साक्ष द्यायला उभी राहिली की ती दरवर्षी मरीयेचीच गोष्ट सांगायची, येशूला माळी समजून तिने विचारलं आणि त्याने नावाने हाक मारली ती. सांगताना 'मरीये' या शब्दापाशी तिचा आवाज दरवर्षी अडायचा.

दिवाळीनंतर पुन्हा सभा ठेवायचं चाललं आहे. दोन्ही वक्त्यांना माझं सांगणं आहे की भाषणं सुरू होण्याआधी मार्काच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या आठ ओव्या आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या पहिल्या आठ ओव्या मोठ्याने वाचून घ्या. सरांनी वाचल्या तर फारच बरं, त्यांचा आवाज खणखणीत आहे. पाच मिनिटं लागतील. मग जे विचारायचं ते विचारा, मी पहिल्या रांगेत बसेन.